नारिंगांच्या अंगणातून: कोर्दोबाची मशीद आणि कॅथेड्रल

स्पेनच्या दक्षिणेला, ग्वादाल्किवीर नदीच्या काठी वसलेल्या कोर्दोबा शहरात तटबंदीसारखी एक उंच भिंत आहे. तिच्या दरवाजातून आत शिरले की प्रथम लागते ते अंगण. फरसबंदीतून आखीव रांगांनी वाढलेली झाडे, त्यांच्या बुंध्यांपर्यंत पाणी नेणारे अरुंद पाट आणि वसंतात साऱ्या अंगणावर दरवळणारा फुलांचा वास. याचे स्पॅनिश नाव ‘पातियो दे लोस नारान्होस’, म्हणजे नारिंगांचे अंगण. संस्कृतातला ‘नारंग’ फारसी आणि अरबीच्या वाटेने स्पेनला पोहोचून तेथे ‘नारान्हा’ झाला. मराठी माणूस ज्याला नारिंग म्हणतो त्याचाच हा दूरचा भाऊ. या वास्तूला लोक ‘मेस्कीता’ म्हणतात, आणि आपल्या ‘मशिदी’प्रमाणे तो शब्दही अरबी ‘मस्जिद’वरूनच आलेला आहे. मात्र या मेस्कीतेत रोज मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामुदायिक उपासना होते, कारण 1236 पासून हे शहराचे कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च आहे.

इसवी सन 750 मध्ये अब्बासी घराण्याने दमास्कसच्या उमय्या खलिफांची सत्ता उलथून टाकली आणि त्या कुळातील बहुतेकांची कत्तल केली. तिच्यातून निसटलेला अब्द अल-रहमान हा तरुण राजपुत्र उत्तर आफ्रिकेतून लपतछपत स्पेनला आला, 756 मध्ये कोर्दोबाचा अमीर झाला आणि 785 च्या सुमारास त्याने या मशिदीचे काम सुरू केले. या जागी पूर्वी संत व्हिन्सेंटचे ख्रिस्तमंदिर होते, असे परंपरा सांगते. त्या परंपरेबद्दल वाद होऊ शकतो. पण मशिदीचे बरेचसे खांब रोमन आणि व्हिसिगॉथिक, म्हणजे मुस्लिम राजवटीपूर्वी स्पेनवर राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथ लोकांच्या इमारतींमधून आणलेले आहेत, हे मात्र कोणालाही डोळ्यांनी पाहता येते.

शेजारचे दोन खांब जवळून पाहावेत. एक काळसर संगमरवराचा, गुळगुळीत; दुसरा फिकट गुलाबी. एकाच्या माथ्यावर रोमन धाटणीची नाजूक कोरीव पाने, तर दुसऱ्याच्या माथ्यावर तीच पाने व्हिसिगॉथिक हाताने जाडसर आणि साधी करून काढलेली. खांब असे आयते मिळाले, पण ते बुटके होते, आणि एवढ्या विस्तीर्ण दालनावर एवढ्या कमी उंचीचे छत घातले असते तर आत जीव गुदमरला असता. म्हणून कारागिरांनी प्रत्येक खांबाच्या डोक्यावर आणखी एक चौकोनी खांब चढवला, खालचे खांब नालाच्या आकाराच्या कमानींनी एकमेकांशी जखडले आणि वर, मधली जागा मोकळी ठेवून, अर्धवर्तुळाकार कमानींची दुसरी ओळ उभारली. खालची कमान खांबांना डळमळू देत नाही आणि वरची कमान छताचा भार पेलते. दोन्ही कमानींत लाल वीट आणि फिकट दगड आलटून पालटून बसवलेले आहेत. त्या वरच्या कमानींवरील जाड भिंतीच्या माथ्यावर दोन छपरांमधली पन्हळ असते, म्हणजे छपरावर पडलेला पाऊस याच कमानींच्या डोक्यावरून नारिंगांच्या अंगणाकडे वाहत जातो. स्पेनमधील मेरिदा येथे रोमनांनी बांधलेल्या जलसेतूच्या कमानीही अशाच एकावर एक आहेत, त्यांच्या खांबांतही वीट आणि दगड असेच आलटून पालटून आहेत, आणि त्यांच्याही माथ्यावरून पाणीच जात असे. नमाजाच्या दालनात जलसेतूची ही युक्ती वापरण्याचे ज्याला सुचले, त्या कारागिराचे नाव इतिहासाने राखले नाही, याची खंत वाटते.

पुढच्या दोनशे वर्षांत मशीद तीन वेळा वाढवण्यात आली. आज तिच्यात 856 खांब उभे आहेत आणि अंगणासह साऱ्या वास्तूची लांबी सुमारे 180 मीटर, तर रुंदी सुमारे 130 मीटर भरते. या वाढीतला सर्वांत सुंदर भाग 962 नंतर खलिफा दुसऱ्या अल-हकमने बांधून घेतला. त्याच्या मेहराबीसमोर, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यासमोर उभे राहिले की निळ्या पार्श्वभूमीवर कुफी या कोनदार अरबी लिपीतली सोनेरी अक्षरे झळकताना दिसतात. ही अक्षरे रंगाने काढलेली नाहीत. काचेचे बारीक चौकोनी तुकडे एकेक करून बसवून ती घडवलेली आहेत. अरबी बखरकार सांगतात की, खलिफाने कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन सम्राटाकडे कारागीर मागितला आणि सम्राटाने कारागिरासोबत या काचतुकड्यांचा मोठा साठाही भेट म्हणून धाडला. म्हणजे कुराणातील वचने येथे ख्रिस्ती सम्राटाने पाठवलेल्या काचेत लिहिली गेली. दोन धर्मांच्या कलांची सरमिसळ येथे कॅथेड्रल बांधल्यावर झाली, असे सहज म्हटले जाते. ते मला पटत नाही, कारण 1523 मध्ये ठरलेल्या त्या बांधकामाच्या साडेपाचशे वर्षे आधी ती या मेहराबीत झालेली आहे.

शेवटची वाढ 987 मध्ये वजीर अल-मन्सूरने केली. दक्षिणेकडे नदी असल्यामुळे त्याने पूर्वेला आठ नवी दालने जोडली आणि त्यामुळे मेहराब मशिदीच्या मध्यावर राहिली नाही. याच भागातील एका चॅपलला, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराला, 8 ऑगस्ट 2025 च्या रात्री आग लागली आणि त्याचे छप्पर कोसळले. आग साऱ्या वास्तूत पसरली नाही, हे आपणा सर्वांचे भाग्य.

1236 मध्ये स्पेनमधील कास्तिया या ख्रिस्ती राज्याचा राजा तिसरा फर्नांदो याने कोर्दोबा जिंकले आणि मशिदीला कॅथेड्रलची दीक्षा दिली. त्यानंतर जवळजवळ तीन शतके ख्रिस्ती उपासना याच कमानींखाली, फारशी तोडफोड न करता चालली. इतकेच नव्हे, तर 1371 मध्ये पूर्ण झालेले राजघराण्याचे चॅपल तर अरबी धाटणीच्या गिलाव्यातील जाळीदार नक्षीने आणि रंगीत फरश्यांनी मढवलेले आहे. मशिदी जिंकून घेणाऱ्या राजांना आपल्या पूर्वजांच्या स्मृतीसाठी जिंकलेल्यांचीच कला हवीशी वाटली.

घाव पडला तो 1523 मध्ये. बिशप आलोन्सो मानरिके यांनी मशिदीच्या मध्यभागी उंच कॅथेड्रल उभारण्याचे ठरवले, तेव्हा शहराच्या नगरसभेने कडाडून विरोध केला आणि जुने बांधकाम पाडणाऱ्या मजुरांना देहदंडाची धमकीही दिली. हे विरोधक स्वतः ख्रिस्ती होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अखेर सम्राट पाचव्या चार्ल्सने बिशपच्या बाजूने कौल दिला. पुढे बांधकाम पाहून त्याला पश्चात्ताप झाला, जगात एकमेव असलेली गोष्ट मोडून कोठेही बांधता आली असती अशी गोष्ट येथे बांधली गेली असे तो म्हणाला, असे परंपरेने सांगितले जाते.

मशिदीच्या ठेंगण्या सावलीतून चालता चालता एकाएकी पांढरा प्रकाश अंगावर येतो आणि मान आपोआप वर जाते. तेथून कॅथेड्रल सुरू होते. येथे थांबून सांधा पाहावा. लालपांढरी कमान येते आणि कोरीव दगडी भिंतीत शिरते. वर देवदूत आणि वेलबुट्टी, खाली तोच हजार वर्षांचा संगमरवरी खांब. एर्नान रुइस आणि त्याचा त्याच नावाचा मुलगा या स्थपतींनी भोवतालच्या जुन्या रांगांनाच कॅथेड्रलच्या बाजूच्या दालनांचे काम दिले. मधला भाग गेला, त्याची भरपाई होणार नाही. पण पाडण्याचा हुकूम हाती असतानाही उरलेल्या कमानींना त्यांनी सांभाळून जागा दिली, हे त्या सांध्यावरून कळते. हे काम 1607 पर्यंत चालले.

आज येथे मुस्लिमांना सामुदायिक नमाजाची परवानगी नाही आणि वास्तूला मशीद म्हणावे की कॅथेड्रल, यावरही शहरात वाद होत असतो. उर्दू कवी मुहम्मद इक्बाल 1933 मध्ये येथे आले आणि त्यांनी या वास्तूवर दीर्घ कविता लिहिली.

बाहेर पडताना वाट पुन्हा अंगणातूनच जाते आणि समोर घंटाघर उभे राहते. तिसऱ्या अब्द अल-रहमानने दहाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेला मिनार येथे होता. वादळाने तो खिळखिळा झाल्यावर 1593 मध्ये रुइस घराण्याच्या तिसऱ्या पिढीतील स्थपतीने त्याचा माथा उतरवला आणि उरलेल्या मिनाराभोवती नवे दगडी कवच चढवून त्यावर घंटांचे मजले उभारले. 54 मीटरांचे हे घंटाघर चढताना कवचाच्या आत मिनाराची मूळ भिंत दिसते, आणि वर घंटांपाशी पोहोचल्यावर खाली दिसतात त्या नारिंगांच्या रांगा.