हा आकडा कोणाच्या दप्तरातला?

श्रोतेहो, नमस्कार.

राजकारण समजून घ्यायचे म्हणून आपण रोज पुष्कळ ऐकतो आणि वाचतो. पण कोण कोणाला काय म्हणाले, यातच त्यातला बहुतेक वेळ निघून जातो. सत्ता एखाद्याच्या हाती येते ती कशी, टिकते कशाच्या बळावर आणि तिचा भार शेवटी कोणाच्या पाठीवर पडतो, हे कळायला पुस्तकच लागते, कारण एकाच प्रश्नाला तीन-चारशे पाने चिकटून राहण्याची सवड दुसऱ्या माध्यमांना सहसा नसते. रेडिओवर बसून हे कबूल करताना थोडे अवघडल्यासारखे होते, पण आहे ते असे आहे. अशी पुस्तके वाचताना कोणता प्रश्न मनाशी धरावा, एवढ्याबद्दलच मी आज बोलणार आहे. पानावर दिसणारा हा आकडा, ही हकिकत, मुळात कोणाच्या दप्तरातून आली, हा तो प्रश्न.

दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०१ मध्ये निघाले, मात्र त्यातला पायाभूत निबंध १८७० च्या दशकातला आहे. त्या निबंधात दादाभाई जे करतात ते अगदी जवळून पाहण्यासारखे आहे. प्रांतोप्रांतीचे सरकारी अहवाल समोर ठेवून ते कोणते पीक किती आले, त्याची किंमत काय झाली, याची धीराने बेरीज करतात, तिला लोकसंख्येने भागतात, आणि १८६७-६८ या वर्षासाठी माणशी उत्पन्न वर्षाला सुमारे २० रुपये इतके काढतात. मग ते दुसरे सरकारी कागद उघडतात, तुरुंगांच्या खर्चाचे. गुन्हेगार म्हणून कोठडीत घातलेल्या माणसाच्या अन्नवस्त्रावर सरकार जेवढे खर्च करते, तेवढेही बाहेरच्या मोकळ्या माणसाच्या वाट्याला येत नाही, हे दोन्ही हिशेब शेजारी ठेवताच दिसू लागते. या पानांवर आवेश जवळजवळ नाही. आहे तो भागाकार. त्या पद्धतीवर राज्यकर्त्यांना वाद घालता येत होता, पण आकडे परक्याचे आहेत असे म्हणायला त्यांना जागा उरली नव्हती.

सत्तेचेच कागद सत्तेसमोर ठेवण्याची ही रीत त्याच काळात दुसरीकडेही दिसते. अमेरिकेत आयडा बी. वेल्स या पत्रकार बाईंनी कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्यांवर १८९० च्या दशकात लिहिले, तेव्हा त्यांनी आकडे घेतले ते एका मोठ्या गोऱ्या वृत्तपत्राने दरवर्षी छापलेल्या याद्यांमधून. गोऱ्या स्त्रियांवरील अत्याचाराचा सूड म्हणून हे घडते, असे त्या हत्यांचे समर्थन केले जाई. वेल्स यांनी याद्यांतली कारणे मोजली, आणि मारल्या गेलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांवर तसा आरोपसुद्धा ठेवलेला नव्हता, हे दाखवून दिले.

अमर्त्य सेन यांचे दुष्काळांवरचे पुस्तक १९८१ चे. १९४३ च्या बंगालमधील उपासमारीचे कारण धान्याची टंचाई, हा त्याआधीचा रूढ समज होता आणि सरकारी चौकशी आयोगाचा कलही तिकडेच होता. सेन यांनी आयोगाचीच आकडेवारी घेऊन पुन्हा हिशेब केला. त्यात १९४३ मधला धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम ५ टक्के कमी भरला. उलट जेव्हा दुष्काळ पडलाच नव्हता त्या १९४१ पेक्षा तो सुमारे १३ टक्के जास्त होता. म्हणजे धान्य होते. युद्धाच्या खर्चाने भाव भडकले होते, शहरात पैसा खेळत होता, आणि खेड्यातल्या शेतमजुराची मजुरी त्या भावांच्या कितीतरी मागे राहिली होती, म्हणून धान्य त्याच्यापर्यंत पोचले नाही. मृतांचा आकडाही आयोगाने १५ लाख धरला होता. सेन यांच्या हिशेबाने तो ३० लाखांच्या आसपास जातो. या दोन आकड्यांमधले १५ लाख लोक केवळ मोजणीच्या पद्धतीमुळे कागदावरून गळले होते, या वाक्यापाशी वाचकाने पुस्तक मिटून थोडा वेळ बसावे असे मला वाटते.

विषमतेवरची अलीकडची पुस्तके वाचताना तर हा प्रश्न क्षणभरही सोडू नये. घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांत गरिबाचे उत्पन्न बऱ्यापैकी उतरते, अतिश्रीमंताचे उतरत नाही. एक तर तो पाहणीत सापडत नाही, आणि सापडला तरी सगळे सांगत नाही. थॉमस पिकेटी या फ्रेंच अर्थतज्ज्ञाने २०१३ मधल्या आपल्या ग्रंथात वरच्या थराचा शोध प्राप्तिकराच्या आणि वारसाहक्काच्या नोंदींमधून घेतला तो यामुळेच. त्यातून दोन शतकांचे चित्र उभे राहिले खरे, पण जिथे कर नाही तिथे नोंद नाही, आणि नोंद नाही तिथे श्रीमंती जणू अदृश्यच. उत्पन्नाची वाटणी किती विषम आहे हे मोजणाऱ्या जिनी गुणांकासारखा एकच आकडा पुढे करून कोणी विषमता वाढली किंवा घटली असे सांगू लागला, तर त्यामागची पाहणी कोणती, एवढे विचारूनच पुढे जावे. मी स्वतः कित्येक वर्षे मागच्या टिपा न उघडता अशी पुस्तके संपवीत असे आणि आपल्याला विषय समजला अशा समजुतीत राहत असे. आता टिपा आधी चाळतो.

पण कागदांची मर्यादाही आहे, कारण काय लिहून ठेवायचे हे सत्ताच ठरवते. स्टीव्हन लुक्स या विचारवंताने १९७४ मध्ये सत्तेवर एक छोटेसे पुस्तक लिहिले. भांडणात जिंकणे ही सत्ता सर्वांना दिसते, विषय चर्चेलाच येऊ न देणे ही त्याहून खोल, आणि आपल्यावर अन्याय होतो आहे असे माणसाला वाटूच न देणे ही सर्वांत खोल, अशी त्यांची मांडणी आहे. या तिसऱ्या सत्तेचा कागद कोणत्या कचेरीत सापडणार? जेम्स स्कॉट या अमेरिकी अभ्यासकाने उत्तर शोधले ते मलेशियातल्या सत्तरेक कुटुंबांच्या एका भात पिकवणाऱ्या गावात राहून. कापणीची यंत्रे आली, मजुरांचे काम गेले, तरी गावात उठाव वगैरे काही झाला नाही. तिथे होती कामातली चालढकल, मुद्दाम घेतलेले वेड, श्रीमंतांच्या पाठीमागे चालणारी कुजबुज. यातले काहीच पोलिसांच्या वहीत आले नसते. ते १९८५ मध्ये पुस्तकात आले.

महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ मी याच रांगेत ठेवतो. १८८३ मधल्या या ग्रंथात सारा, पाणी, कर्ज, कचेरीतले कारकून यांची चर्चा आहेच; पण कुणब्याच्या घरात काय असते, तो अंगावर काय घालतो, काय खातो, याचे वर्णनही आहे, आणि ते कोणत्याही महसुली अहवालात मिळत नाही. या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे एका वृत्तपत्रात छापून आली, आणि पुढची छापण्याचा धीर त्या छापणाऱ्यांना झाला नाही. ते शेतकरी-कामकरी समाजाचे, आपल्याच बाजूचे मानले जाणारे पत्र होते.