केळ्यातला दोरा, सुंभाचा पीळ

[दृश्य: स्टीलची वाटी, चमच्याने केळं कुस्करणारे हात]

सालावर काळे डाग पडलेलं, घरात कुणी मागत नाही असं केळं. त्यात चिमूटभर मीठ, थोडं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब. खरकट्या तव्यावर साबण जे करतो तेच इथे करतो. पेशीचं आणि केंद्रकाचं आवरण स्निग्ध असतं. ते फुटतं आणि आतला ऐवज पाण्यात उतरतो.

[दृश्य: चहाच्या गाळणीतून ग्लासात]

आता फ्रीजमध्ये गार केलेलं स्पिरिट. ग्लास तिरका धरून, कडेकडेने, सावकाश. घाई केली की सगळं एक होतं. आमचे पहिले दोन ग्लास असेच वाया गेले.

[दृश्य: अगदी जवळून, दोन थरांमध्ये पांढरे धागे. निवेदन नाही. मग मुलांचे चेहरे.]

हा डीएनए, आनुवंशिक माहिती साठवणारा रेणू. पण दिसतोय तो एकटा रेणू नव्हे. त्याची जाडी 2 नॅनोमीटर, तो डोळ्याला दिसायचा नाही. हा कोट्यवधी रेणूंचा गुंता आहे. आणि खरं सांगायचं तर त्यात केळ्याचं पेक्टिन, म्हणजे त्याचा चिकट गर, तोही अडकलंय.

[दृश्य: जुना फोटो, कमानींची खोली]

हेही मुळात स्वयंपाकघरच. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या किल्ल्याचा मुदपाकखाना, पुढे रसायनशास्त्रज्ञ हॉप-झायलर यांची प्रयोगशाळा झालेला. 1868 मध्ये फ्रीडरिश मीशर हा चोवीस वर्षांचा स्विस डॉक्टर इथे आला. त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून रुग्ण तपासण्याऐवजी त्याने रसायनशास्त्र धरलं. त्याला हव्या होत्या पांढऱ्या पेशी, आणि त्या भरपूर सापडतात पुवात. रुग्णालयातून जखमांच्या पट्ट्या यायच्या. सडका वास येणाऱ्या तो बाजूला टाकायचा, बाकीच्या धुऊन पेशी सुट्या करायचा. मग डुकराच्या जठरातलं पेप्सिन घालून प्रथिनं पचवायचा. 1869 मध्ये जे पचेना ते हाती उरलं, आणि त्यात फॉस्फरस भरपूर निघाला. केंद्रकातलं, म्हणून नाव ठेवलं न्यूक्लिन. आज आपण त्याला डीएनए म्हणतो. गुरू हॉप-झायलर यांना खात्री वाटेना. त्यांनी प्रयोग स्वतः करून पाहिला, तेव्हा कुठे 1871 मध्ये लेख छापला गेला. 1953 मध्ये उलगडलेली डीएनएची रचना, तो पिळदार जिना, शाळकरी पोरांनाही माहीत असतो. पुवाच्या पट्ट्या धुणारा हा माणूस मोठ्यांनाही नसतो.

[दृश्य: सुंभ वळणारे म्हातारे हात]

फॉस्फरस कुठून आला, ते या हातांकडे बघत समजून घेऊ. सुंभाला दोन पेड लागतात. डीएनएचा एकेक पेड म्हणजे साखर, फॉस्फेट, पुन्हा साखर, पुन्हा फॉस्फेट अशी अखंड ओळ. ही साखर पाच कार्बनांची, डिऑक्सिरायबोज. डीएनएच्या भावंडात, आरएनएत, तिच्या जागी रायबोज, म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू जास्त. प्रत्येक साखरेला आतल्या अंगाने एक नायट्रोजनयुक्त बेस लटकलेला. साखर, फॉस्फेट आणि बेस, तिघांचं मिळून एक न्यूक्लिओटाइड.

[दृश्य: पुठ्ठ्याचं मॉडेल]

बेस चारच. ॲडेनिन आणि ग्वानिन मोठे, दोन कड्यांचे. थायमिन आणि सायटोसिन लहान, एका कड्याचे. मोठ्यासमोर लहानच बसतो, म्हणून ही दोरी कुठे फुगत नाही की कुठे बारीक होत नाही. ॲडेनिन-थायमिनमध्ये दोन हायड्रोजन बंध, ग्वानिन-सायटोसिनमध्ये तीन. आरएनएत थायमिनऐवजी युरॅसिल, आणि आरएनए बहुतेकदा एकपेडीच. डीएनएत साधारण दहा जोड्यांमागे पिळाचा एक वेढा पुरा होतो. दोन्ही पेड मात्र उलट दिशांनी धावतात, एक चढता, एक उतरता. मुलांचं नेमकं हेच चुकलं होतं. ही मुलगी सगळं उसवून पुन्हा चिकटवतेय, तो भाग आम्ही कापला नाही.

[दृश्य: पातेल्यात उकळतं पाणी, उलगडणारा सुंभ]

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे उलटं. 95 अंशांच्या आसपास तापवलं की पीळ सुटतो, मधले बंध तुटून पेड वेगळे होतात, पण पेडाला काही होत नाही. कोरोनाची पीसीआर चाचणी (यात डीएनएच्या प्रतींमागून प्रती काढतात), पितृत्वाचा दावा, गुन्ह्याचा तपास, सगळीकडे यंत्रात हेच चालतं.

[दृश्य: काचेची नळी, पिवळी पडलेली चिठ्ठी]

मीशर पुढे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला परतला. तिथे त्याने ऱ्हाइन नदीतल्या सॅल्मन माशांच्या शुक्राणूंतून न्यूक्लिन काढलं. ट्युबिंगेनला जपलेल्या या नळीत तेच आहे.

[दृश्य: होमिओपॅथीच्या गोळ्यांची धुतलेली बाटली, तळाशी पांढरा धागा]

मुलांनीही चिठ्ठी लावली. केळं, आणि खाली तारीख.