दोन मनगटं, एक दिवस

नमस्कार श्रोतेहो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. माझ्या भाच्याचा पहिला पगार झाला. आजीला साडी, आईला नवा कुकर आणि उरलेल्या पैशांत स्वतःसाठी परफ्यूम, असा बेत होता. परफ्यूम कोणता तेही ठरलेलं होतं: दिओरचा ‘सोव्हाज’. हिंजवडीत त्याच्या टीममधली निम्मी मुलं तोच लावतात. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं आहे, वासाचा विषय निघाला की मला घरी बसवत नाही. मीही त्याच्याबरोबर कॅम्पात गेले.

काउंटरवरच्या मुलानं सोव्हाजची निळी-काळी बाटली काढली आणि तिच्या शेजारी दुसरी ठेवली. प्राडाचा ‘लुना रोसा कार्बन’. “सर, हापण बघा, त्याच लाइनवरचा आहे.” भाच्याचा चेहरा उतरला. बाहेर येताना मला हळूच म्हणाला, “मावशी, कॉपी कशाला घ्यायची?”

या ‘कॉपी’ शब्दाबद्दलच मला आज बोलायचं आहे. तो फार पटकन वापरला जातो, आणि बऱ्याचदा अन्यायानं.

आधी थोडी माहिती. सोव्हाज आला 2015 मध्ये. फ्रांस्वा दमाशी या परफ्यूमकारानं तो बनवला आणि जॉनी डेपच्या जाहिरातींनी घराघरात नेला. नाव मात्र जुनं. दिओरचाच ‘ओ सोव्हाज’ 1966 पासून बाजारात आहे, आणि तो सर्वस्वी वेगळा आहे. नव्या सोव्हाजला एवढं यश मिळालं की पुढे पुरुषांसाठी जो कोणी काही काढेल, त्याला आधी याच्याशी ताडून बघायची सवयच लागली. कार्बन आला 2017 मध्ये. तो डानिएला आंद्रिये या बाईंचा. लुना रोसा म्हणजे लाल चंद्र. प्राडाचा पाठिंबा असलेल्या इटालियन शिडाच्या नौकेचं हे नाव.

आता दोघांचे वास सारखे का वाटतात ते सांगते.

सोव्हाज उघडतो तो बर्गमॉटनं. इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात होणारं हे लिंबाच्या कुळातलं फळ. त्याच्या सालीचं तेल काढतात. कार्बनमध्ये बर्गमॉट आहे, पण जोर आहे लॅव्हेंडरवर. एक फळाची साल, दुसरं फूल. तरी दोन्ही तेलांत लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट ही दोन द्रव्यं भरपूर असतात. लिनॅलूल तुमच्या-माझ्या ओळखीचं आहे. धने तव्यावर टाकले की पहिल्यांदा जो गोडसर, स्वच्छ वास उठतो, तो मुख्यतः त्याचाच. म्हणजे सुरुवातीलाच दोघांचं गोत्र जुळतं.

शेवटही जुळतो. दोन्हींच्या तळाशी अँब्रॉक्सन आहे. ‘व्हेल माशाच्या उलटीची तस्करी’ अशी बातमी आपण अधूनमधून वाचतो ना, त्या उलटीशी याचं नातं आहे. (व्हेल मासा नाही आणि ती बहुधा उलटीही नाही. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा तो मेणासारखा गोळा असतो.) 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडे त्याचा व्यापार गुन्हा आहे. त्या गोळ्याच्या सुवासाचा गाभा असलेला रेणू, म्हणजेच अँब्रॉक्सन, 1950 च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी क्लॅरी सेज नावाच्या, तुळशीच्याच कुळातल्या झाडाच्या द्रव्यापासून तयार केला. एकाही व्हेलला धक्का न लागता! आपल्या पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली तीही 1950 मध्येच, आणि तिथेही सुगंधी तेलांतल्या टर्पीन नावाच्या द्रव्यांवर मोठं काम झालं. पुणेकरांना हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

अँब्रॉक्सन आज पुरुषांच्या कितीतरी परफ्यूममध्ये असतो. कांद्या-खोबऱ्याचं वाटण घातलं म्हणून दोन घरांची आमटी एकमेकींची नक्कल ठरत नाही.

मग फरक कुठे बघायचा? मधल्या तासांत. आणि तो कागदाच्या पट्टीवर कळत नाही. दुकानात पट्टी नाकाशी धरतो तेव्हा आपल्याला जेमतेम पहिली दहा मिनिटं कळतात. हलके रेणू आधी उडतात, जड मागे राहतात. त्यात कागदाला ना ऊब, ना घाम. म्हणून मी भाच्याला म्हटलं, आज काही विकत घ्यायचं नाही. उजव्या मनगटावर सोव्हाज, डाव्यावर कार्बन, एकेक फवारा, आणि चोळायचं नाही. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

लक्ष्मी रोडला साडी घेऊन होईपर्यंत साडेबारा झाले. वर ढग भरलेले, हवा दमट. उजव्या मनगटावर बर्गमॉट ओसरला होता आणि सिच्वान मिरी वर आली होती. नाव परकं वाटेल, पण ही आपल्या कोकणातल्या तिरफळाची सख्खी चुलतबहीण, एकाच प्रजातीतली. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ चावलं की जीभ जशी झिणझिणते, तसं काहीसं नाकात होत होतं. डाव्या मनगटावर यातलं काही नव्हतं. तिथे लॅव्हेंडर थंडपणे बसला होता आणि त्याला धातूसारखी एक धार होती.

ती धार नेमकी कसली, हे मला शब्दांत सापडेना. ते सापडलं आमच्या आईला. साडी घेऊन आम्ही घरी गेलो. आई शहाऐंशी वर्षांची आहे, अजून सणाला कानात हिन्याचा फाया ठेवते. भाच्यानं दोन्ही हात पुढे केले. उजवं हुंगून ती म्हणाली, “हा तिखट आहे रे, वर्गात मोठ्यानं बोलणाऱ्या मुलासारखा.” डावं मनगट तिनं दोनदा हुंगलं. “आणि हा इस्त्रीचा. पाणी शिंपडलेल्या कपड्यावर तापलेली इस्त्री फिरते ना, तो वास.” मी चाटच पडले. धातू, वाफ, धुतलेलं सूत, सगळं त्या एका वाक्यात आलं होतं.

चारच्या सुमारास डाव्या मनगटावर पॅचुली आली. गजऱ्यात मरव्याशेजारी ओवतात त्या पाचेची ही नातलग. ओल्या मातीची, किंचित गडद. माझ्या मते कार्बनचा सगळ्यात सुंदर काळ हाच, चार ते सहा. सोव्हाज तेव्हाही खणखणीत होता, खोलीच्या दारातून कळत होता. ही त्याची ताकद आहे, ती मी नाकारत नाही. लग्नाच्या मांडवात, मोकळ्या हवेत तो शोभतो. बंद एसी बसमध्ये तीस माणसांत मला तो जास्त होतो.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. अँब्रॉक्सनसारख्या द्रव्यांना आपलं नाक लवकर सरावतं. काहींना तर ते मुळात फारसं जाणवतच नाही. मुलांना वाटतं वास उडून गेला, आणि ती आणखी चार फवारे मारतात. त्यांना येत नाही, पण लिफ्टमधल्या बाकी सगळ्यांना येतो. दोन फवारे पुरतात. तरुण श्रोत्यांनो, शंका आली तर घरच्यांना विचारा, स्वतःच्या नाकावर विसंबू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा शर्ट धुवायला टाकण्याआधी माझ्या बहिणीनं दोन्ही बाह्यांची टोकं हुंगली. कुठली कोणती, तिला सांगता येईना. दोन्हीकडे तोच कोमट, खारट, लाकडासारखा अँब्रॉक्सन उरला होता. मलाही ओळखता आलं नाही.

“म्हणजे सकाळी सारखे, रात्री सारखे,” भाचा म्हणाला, “आणि मी ऑफिसमध्ये असतो तेव्हा वेगळे.”

शनिवारी तो एकटाच कॅम्पात गेला आणि कार्बन घेऊन आला. आजीला पहिला वास दिला. तिनं कपाटातून कापसाचा बोळा काढला आणि म्हणाली, “थोडा यावर दे.”

नमस्कार.