देऊळ गावाचं कशानं होतं?

मंडळी, सोलापुरात देवळांवर बोलायचं तर सिद्धेश्वरापासूनच सुरुवात करावी लागते. पण मी आज गाभाऱ्याकडे जाणार नाही, तळ्याकडे जाणार आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं लोकांना हाताशी धरून तळं खोदलं. शरणसंत अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे आपल्या जुन्या सोलापूरला, आले तेव्हा हे खोदकाम चालू होतं, अशी कथा आपण ऐकत आलोय. पुढे सिद्धराम बसवेश्वरांच्या कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) गेले, कन्नड वचनं रचणारे थोर वचनकार झाले. आपल्या गावाला मात्र ते घमेलं उचलणाऱ्या माणसांच्या घोळक्यात भेटले. माझ्या मते आपल्या देवळाचा पाया तिथं आहे. आधी कामाला हात लागले, मग देऊळ सगळ्यांचं झालं.

संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आजही हेच दिसतं. कुंभारकन्येनं सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला आणि त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली, ही कथा सांगायला नको. त्या योगदंडाचं प्रतीक म्हणजे आपले सात नंदीध्वज, मिरवणुकीत माणसं पेलतात त्या उंच काठ्या. त्यांचा मान एका घराकडे किंवा एका जातीकडे नाही. हिरेहब्बू वाड्यातून मिरवणूक निघते, पण मातंग समाजासह अनेक समाजांचे मानकरी त्यात आपापल्या जागी असतात. तैलाभिषेकाला हीच मिरवणूक सिद्धरामांनी स्थापलेल्या अडुसष्ट शिवलिंगांच्या वाटेनं गावभर फिरते.

तो ध्वज पेलणाऱ्याला कधी जवळून बघा. अंगात पांढरी बाराबंदी, नजर वर शेंड्यावर, मान ताठ. पाऊल टाकताना तो खाली बघतच नाही, कारण खालचं बघायला बाजूची माणसं असतात. एक पुढं वाट मोकळी करतो, दुसरा विजेच्या तारेवर लक्ष ठेवतो, आणि हा थकला की खांदा द्यायला तिसरा तयारच. यात्रेच्या कितीतरी आधीपासून रात्री सराव चालतो. कामावरून आलेली पोरं जेवून थेट तिथं जातात. वडील पेलत होते म्हणून मुलगा शिकतो, आणि शेजारचा मुलगा त्याचं बघून शिकतो.

मग संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, म्हणजे योगदंडाशी झालेलं ते लग्न. हातात तांदूळ घेऊन उभ्या असलेल्या त्या गर्दीत कानडी, तेलुगू, मराठी सगळं कानावर पडतं. गिरण्यांनी आणि मागांनी या गावात चारी दिशांची माणसं आणली. तेलुगू विणकरांच्या पद्मशाली समाजानं मार्कंडेयाचं देऊळ उभं केलं, नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ निघतो आणि तो बघायला सगळ्या पेठा येतात. परक्या गावात आलेल्या माणसाला आधी ओळख लागते, आणि ती त्याला देवळाच्या पायरीवर मिळाली.

आता गल्लीतल्या देवळांबद्दल स्पष्ट बोलतो. संगमरवर बसतोय, देणगीदारांच्या पाट्या वाढतायत, आणि सभामंडपाला कुलूप लागतंय. मला हे बघवत नाही. दोन खोल्यांच्या घरात दहावीच्या पोरीला अभ्यासाला कोपरा मिळत नाही. विड्या वळून थकलेल्या बायकांना बचत गटासाठी बसायला जागा नसते. मंडप आहे, पंखा आहे, दिवा आहे, तरी शेजारती झाली की दार बंद! पोरींना, बायकांना किल्ली द्या, झाडलोटीच्या पाळ्या लावा, समितीत त्यांना बसवा. आपापल्या देवळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. तिथं कुणी नाही म्हणालं, तर मला बोलवा, मी येतो.