रिकामी चौकट

(दृश्य : फळा. खडूचा आवाज.)

फळ्यावर तीन चौकटी. उजवीकडच्या दोन भरल्यात, डावीकडची रिकामी आहे. तिच्यातून दोन बाण निघालेत. वर्ग पाचवीचा, शाळा जिल्हा परिषदेची, सांगलीच्या जवळची. वाचलेलं चौकटी आणि बाणांच्या आकृतीत मांडलं की उतारा नीट कळतो, असं म्हणतात. ते कधी खरं ठरतं, ते या वर्गात पाहू.

आजचा उतारा बाईंनी स्वतः लिहून आणलाय, जेमतेम अकरा ओळींचा. विषय, हरिपूरची पेवं. कृष्णा आणि वारणा जिथं भेटतात, त्या गावातली ही जमिनीखालची हळदीची कोठारं. तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं. हळद भरली की झाकण घालायचं आणि वरून माती लिंपायची.

वाचायच्या आधी वहीत तीन रकाने पडले. मला काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचंय, वाचून काय कळलं. हा तक्ता १९८६ साली डोना ओगल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी मांडला. इथं पहिल्या रकान्यात एकानं लिहिलंय, 'गावात मोबाइलच्या दुकानांचं पेव फुटलंय.' वाक्प्रचार पाठ, पेव मात्र पाहिलेलं नाही. बाईंनी ते खोडलं नाही. वाचून झाल्यावर त्यानंच खाली लिहिलं, 'म्हणजे भरलेलं कोठार फुटून सगळीकडं पसरल्यासारखं.'

(दृश्य : वहीवरची बोटं, ओळीखालून सरकणारी.)

चौकटी आपल्या मुलांना नवीन नाहीत. 'आकृतिबंध पूर्ण करा', 'ओघतक्ता पूर्ण करा' हे प्रश्न कृतिपत्रिकेत असतातच. पण तिथं बहुतेक वेळा उताऱ्यातला शब्द उचलायचा आणि चौकटीत टाकायचा. उतारा डोक्यावरून गेला तरी गुण मिळतो. खरी पंचाईत तीच. छापील चौकटींचे गठ्ठे वाटून वाचन सुधारत असतं, तर गाळलेल्या जागांनी ते कधीच सुधारलं असतं.

म्हणून फळ्यावरची ती रिकामी चौकट. उजवीकडं वर लिहिलंय, 'हळदीला कीड लागत नाही.' खाली, 'पेव उघडल्यावर आत सोडलेला कंदील विझतो, मग कुणी उतरत नाही.' ही दोन्ही वाक्यं उताऱ्यात आहेत, चार ओळींच्या अंतरानं. दोन्हींचं कारण एकच, आणि ते उताऱ्यात कुठंच लिहिलेलं नाही.

मुलं आधी शोधाशोध करतात. बोटं ओळींखालून फिरतात. 'बाई, दिलेलंच न्हाई!' अशी तक्रारही होते. बाई गप्प. (चित्रीकरणात ही शांतता फार लांबली. आम्ही ती कापलेली नाही.)

मग खिडकीजवळून आवाज येतो, 'कंदील कशानं इझतो?'

'वाऱ्यानं.'

'आत कुठलं वारं? वरनं लिंपलंय की.'

'मग हवाच नसंल आत.'

'हवा न्हाई, तर किडं जगतील कसं?'

आता सगळे एकदम बोलायला लागतात. बाई खडू त्या खिडकीजवळच्या मुलाच्या हातात देतात. तो डाव्या चौकटीत लिहितो, 'आत श्वासापुरती हवा नाही.' प्राणवायू हा शब्द बाईंनी नंतर दिला, कंसात.

ओळींमधलं वाचणं म्हणतात ते हेच. तोंडी सांगून ते मुलांना दिसत नाही. दोन बाण एकाच चौकटीतून निघालेले दिसले, की तिथं काहीतरी असायला हवं एवढं तरी कळतं. वेगळा उतारा असता तर आकृतीही वेगळी लागली असती. हळद लावणीपासून सौद्यापर्यंत कशी पोचते हे सांगायचं तर ओघतक्ता, पेव आणि गोदाम यांची तुलना करायची तर एकमेकांत गुंतलेली दोन वर्तुळं.

(दृश्य : शेवटचा बाक. एक मुलगी, पट्टी, पेन्सिल.)

उताऱ्याची शेवटची ओळ २००५ च्या महापुराची आहे. पुराचं पाणी शिरून कितीतरी पेवं निकामी झाली. फळ्यावर या ओळीला जागाच नव्हती.

हिनं ती केली. समासाच्या बाहेर एक चौकट आखली. तिच्यात उत्तर नाही, प्रश्न आहे. 'तोंड लिंपलेलं, हवा जात नव्हती, मग पाणी कुठनं गेलं?'

बाईंनी वाचलं. म्हणाल्या, 'घरी आजोबांना विचार. उद्या चौकट पुढं वाढव.'

वहीचं पान संपलंय. ती दुसरा कागद जोडायला गोंद शोधतेय.