जांभळा रंग जातो आणि परत येतो

ही बाटली बघा. एथिल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट. दिसायला अगदी पाणी, झाकण उघडलं की फळासारखा गोडसर वास. जर्मन केमिस्ट गॉइथर यांनी १८६३ साली हे एस्टर (अ‍ॅसिड आणि अल्कोहोल जोडून होणाऱ्या संयुगांपैकी एक) पहिल्यांदा बनवलं आणि तेव्हापासून नवे रेणू बांधताना मधल्या पायरीला ते सतत वापरात आहे.

या रेणूची दोन रूपं असतात, कीटो आणि ईनॉल. एक हायड्रोजन इकडचा तिकडे गेला की रूप बदलतं. पुस्तकात दोन उलटसुलट बाण काढलेले असतात, पोरं ते पाठ करतात, पेपरात काढतात, विषय संपला. पण हे डोळ्यांनी दिसतं हो! बघा, अल्कोहोलमध्ये एस्टरचे दोन-चार थेंब, त्यात आता फेरिक क्लोराइड... जांभळा झाला. हा रंग ईनॉलमुळे. आता ब्रोमीन वॉटर. गेला रंग, कारण ब्रोमीनने ईनॉल संपवलं. इथे शॉट कट केलेला नाहीये, ट्यूबवरच लक्ष ठेवा, कडेने हलकासा रंग चढतोय, अजून थोडा, आणि आला परत जांभळा. उरलेल्या कीटोमधून नवं ईनॉल तयार झालं. नुसत्या एस्टरमध्ये ईनॉल जेमतेम ७-८ टक्के असतं, आणि तेवढ्यावर हा सगळा खेळ. १९११ मध्ये क्नॉर यांनी उणे ७८ अंशांच्या थंडीत ही दोन्ही रूपं चक्क वेगळी करून दाखवली होती.

आता पुढचं. बर्फात ठेवलेलं कडक सल्फ्युरिक अ‍ॅसिड, आणि त्यात रिसॉर्सिनॉल (फिनॉलच्या जातीचा एक घन पदार्थ) विरघळवलेलं हेच एस्टर, थेंब थेंब, घाई अजिबात नाही, थर्मामीटर १० च्या वर जाऊ द्यायचा नाही. पेखमान आणि डुइसबर्ग यांची १८८३ ची रिअ‍ॅक्शन आहे ही. मिश्रण बर्फाच्या चुऱ्यात ओतलं आणि हा फिकट गाळ खाली आला, तो पंपावर गाळून घेतला. चिमूटभर पावडर सोड्याच्या पातळ द्रावणात टाकली, लाइट बंद केले, यूव्ही दिवा लावला. निळा बघा कसला पेटलाय!

हाच निळा उजेड पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय हा आतड्यातला जंतू आहे का ते शोधायला वापरतात, या पदार्थाला साखरेसारखा एक रेणू जोडून ठेवतात, जंतूंचं एन्झाइम तो तोडतं आणि पाणी चमकतं.

ही सगळी सामग्री साध्या कॉलेजच्या लॅबमध्ये असते. ब्रोमीनचं काम फ्युम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), ग्लोव्ह्ज-गॉगल घालून, आणि शेजारी सर किंवा मॅडम हव्यातच. तरीही हल्ली बऱ्याच ठिकाणी असली प्रॅक्टिकल्स जर्नलमध्ये रीडिंग उतरवून उरकली जातात. आमचं विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे, या टर्मला प्रॅक्टिकल लागलं की ही ट्यूब स्वतः करायला मागा.