अनलिमिटेड प्लॅनचं मीटर

नमस्कार श्रोतेहो.

महिन्याची वीस-बावीस तारीख उलटली की आपल्या नाशकात ब्रॉडबँडवाल्यांचे फोन खणखणायला लागतात. "दादा, नेट रखडलंय, माणूस पाठवा." माणूस येतो, फायबरचा डबा बघतो. हिरवे दिवे लागलेले, लाल दिवा बंद, म्हणजे लाइन ठणठणीत. मग मोबाइलवर खातं उघडून तो सांगतो, "काका, तुमचं एफयूपी संपलंय." काका चिडतात, "अहो, प्लॅन अनलिमिटेड आहे ना!"

आहेच. एफयूपी म्हणजे पूर्ण वेगाने किती डेटा वापरायचा याची मर्यादा. ती संपली की नेट बंद पडत नाही, वेग पडतो. घरगुती फायबरच्या बऱ्याच 'अनलिमिटेड' प्लॅनमध्ये ३३०० जीबीची मर्यादा बारीक अक्षरात असते, स्वस्त प्लॅनमध्ये त्याहून कमी. वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका आणि ५०, ९०, १०० टक्के वापर झाला की ग्राहकाला कळवा, असं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१६ मध्येच बजावलंय. पण तो मेसेज जातो नोंदवलेल्या नंबरवर, आणि तो नंबर असतो पुण्यात नोकरीला गेलेल्या मुलाचा!

आता ही मोजणी होते कुठे? विजेचं मीटर आपल्या जिन्यात असतं, आकडा डोळ्यांनी दिसतो. हे मीटर मात्र कंपनीकडे. तुमचा राउटर युजरनेम-पासवर्ड देऊन कंपनीच्या गेटवेवर लॉगिन होतो, आणि तिथून किती बाइट आले, किती गेले याची नोंद ठराविक वेळाने बिलिंगच्या सर्व्हरकडे जाते. म्हणून ॲपमधला आकडा थोडा मागे असतो. डाउनलोड आणि अपलोड यांची सहसा बेरीज होते. डेटा छोट्या छोट्या पाकिटांतून जातो; प्रत्येक पाकिटावरचा पत्ता, वाटेत हरवून पुन्हा पाठवलेलं पाकीट, तेही त्यात धरलं जातं. शिवाय बाइटचे केबी, एमबी, जीबी करताना कुणी हजाराने भागतं, कुणी १०२४ ने. जीबीपर्यंत जाता जाता तिथेच सात टक्क्यांचा फरक पडतो. एवढी तफावत असली तर भांडण्यात अर्थ नाही.

अपलोडकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. इंदिरानगर, सिडकोत हल्ली बंगल्याबंगल्यावर कॅमेरे आहेत. घरातल्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यात, किंवा मेमरी कार्डावर साठवणारा कॅमेरा तुमचा डेटा खात नाही. पण रात्रंदिवस क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, चढवणारा कॅमेरा फक्त १ एमबीपीएसने पाठवत असला, तरी दिवसाला १०.८ जीबी होतात. महिन्याला ३२४ जीबी. असे चार कॅमेरे लावा आणि वरून पोरांना गेम डाउनलोड करू नका म्हणून ओरडा! त्यापेक्षा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग, असं करून ठेवा. (तुम्ही मला साध्या रेडिओ सेटवर ऐकत असाल, तर खर्च शून्य. ॲपवर ६४ केबीपीएसने ऐकत असाल, तर तासाला जेमतेम २९ एमबी. बिनधास्त ऐका.)

तरीही आकडा पटत नसेल, तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचे, म्हणजे बाहेरच्या लाइनचे, आलेले-गेलेले बाइट दिसतात, ते रोज टिपून ठेवा. राउटर बंद केला की हा आकडा पुसला जातो, आणि काही स्वस्त राउटरमध्ये ४ जीबी झाले की पुन्हा शून्यापासून सुरू होतो, हे ध्यानात असू द्या. याहून सोपा उपाय म्हणजे रात्री राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बंद करायचे. मागची नोंद चढायला तासभर जाऊ द्या आणि ॲपमधल्या आकड्याचा स्क्रीनशॉट घ्या. सकाळी डबा सुरू करण्याआधी पुन्हा बघा. अर्थात हे मोबाइलच्या नेटवरून. आकडा वाढलेला दिसला, तर दोन्ही स्क्रीनशॉट जोडून कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. तिथे दाद लागली नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे पहिल्यांदा विचारतात तो हाच नंबर.